ताम्रनदीचा वाटाड्या

इतिहासाच्या पुस्तकात एक क्रियापद फार सहज येते. 'शोध लावला'. अमक्याने अमेरिकेचा शोध लावला, तमक्याने अमुक नदीचा शोध लावला. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष. एक कर्ता, एक कर्म, शेवटी पूर्णविराम. मुलांना पाठ करायला सोपे आणि परीक्षेत जोड्या लावायला त्याहून सोपे. पण त्या कर्त्याला वाट कुणी दाखवली, त्याचे ओझे कुणी वाहिले, त्याला जेवू कुणी घातले, हे प्रश्न त्या वाक्यात मावत नाहीत. आपल्या भाषेत 'वाटाड्या' असा एक सुरेख शब्द आहे. आज एका वाटाड्याची गोष्ट सांगायची आहे.

कॅनडाच्या नकाशावर अगदी वर, जिथे जमीन संपून उत्तर ध्रुवाकडचा बर्फाचा समुद्र सुरू होतो, तिथे कॉपरमाइन नावाची एक नदी आहे. नावाचा अर्थ सरळ आहे, तांब्याच्या खाणीची नदी. आपण तिला ताम्रनदी म्हणू. या नदीच्या मुखापर्यंत जमिनीवरून पोचलेला पहिला युरोपियन म्हणजे सॅम्युअल हर्न हा इंग्रज. साल १७७१. उत्तर अमेरिकेचा ध्रुवाकडचा किनारा जमिनीवरून चालत जाऊन पाहणारा पहिला गोरा माणूस म्हणून त्याचे नाव झाले, आणि ते रास्तही आहे. पण तिथवर त्याला नेणारा माणूस होता मॅटोनाबी. ही गोष्ट त्या दोघांची आहे. आणि खरे सांगायचे तर बऱ्याच बायकांचीही आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. युरोपातून पूर्वेकडे, म्हणजे चीन आणि आपल्या हिंदुस्थानाकडे यायला आफ्रिकेला वळसा घालावा लागे. अमेरिकेच्या उत्तरेकडून एखादी जलवाट मिळाली तर किती बरे, ही आशा इंग्रजांनी दोन-तीनशे वर्षे सोडली नाही. या शोधात किती जहाजे बर्फात अडकली आणि किती माणसे गेली! वाट काही सापडेना. पण त्या खटपटीत कॅनडाच्या पोटात शिरलेला हडसनचा प्रचंड उपसागर त्यांना सापडला होता, आणि १६७० साली हडसन बे कंपनी स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनी आपल्याला ठाऊक आहे, ही तिची थंड प्रदेशातली चुलत बहीण म्हणा. उपसागराच्या काठी वखारी घालायच्या, स्थानिक लोकांनी आणलेली बीव्हर वगैरे प्राण्यांची कातडी घ्यायची, बदल्यात बंदुका, दारूगोळा, हंडे, सुऱ्या, घोंगड्या द्यायच्या. बीव्हरच्या केसांपासून युरोपात उंची हॅट बनत, म्हणून ही सगळी यातायात.

कंपनीचे लोक सहसा वखार सोडून आत जात नसत. गिऱ्हाईक दारात येत होते, मग कशाला जायचे! त्यामुळे शंभर वर्षे होत आली तरी आतल्या मुलखाची माहिती त्यांना ऐकीवच होती.

ही ऐकीव माहिती देणाऱ्यांत एक बाई होती, तिचे नाव थानाडेल्थर. देने नावाचे लोक उपसागराच्या पश्चिमेला आणि वायव्येला राहतात. त्यांच्यातल्या एका मोठ्या शाखेला चिपेवायन म्हणतात. थानाडेल्थर त्यांच्यातली. क्री या शेजारच्या जमातीने तिला पकडून गुलाम केले होते. ती निसटली आणि १७१४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर कंपनीच्या यॉर्क फॅक्टरी या वखारीत पोचली. तिथला प्रमुख होता जेम्स नाइट. क्री आणि देने यांच्यात समेट झाल्याखेरीज देने वखारीपर्यंत व्यापाराला येणार नाहीत, हे त्याला समजले. १७१५ च्या उन्हाळ्यात त्याने आपला एक माणूस, क्रींचा मोठा जथा आणि थानाडेल्थर अशी मंडळी पाठवली. वाटेत उपासमार झाली, जथा फुटला, आणि पुढे क्रींच्याच एका टोळीने मारलेल्या देने लोकांची प्रेते दिसली. उरलेल्यांचा धीर सुटला. तेव्हा ही बाई म्हणाली, दहा दिवस इथे थांबा, मी माझ्या माणसांना घेऊन येते. ती एकटी गेली आणि दहाव्या दिवशी शंभराहून अधिक लोकांना घेऊन परत आली. त्यांची समजूत घालता घालता तिचा आवाज बसला होता. समेट झाला. १७१७ च्या फेब्रुवारीत ती आजारी पडून वारली. कंपनीच्या रोजनिशीत तिचा उल्लेख 'गुलाम बाई' असाच येतो. तिचे नाव राहिले ते तिच्या लोकांच्या तोंडी चालत आलेल्या गोष्टींतून.

उत्तरेकडे तांबे आहे आणि पिवळा धातूही आहे, हे नाइटने तिच्याकडून ऐकले होते. 'पिवळा धातू' म्हटल्यावर माणसाचे जे होते तेच झाले. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ इंग्लंडला गेला, कंपनीच्या संचालकांना पटवले आणि १७१९ मध्ये दोन जहाजे घेऊन सोने आणि जलवाट शोधायला निघाला. तो परतलाच नाही. उपसागरातल्या मार्बल बेटापाशी दोन्ही जहाजांचा शेवट झाला. जवळजवळ पन्नास वर्षांनी तरुण हर्न त्या बेटावर उतरला तेव्हा त्याला पडक्या घराचे आणि बुडालेल्या जहाजांचे अवशेष दिसले. म्हाताऱ्या इन्युइट लोकांनी त्याला सांगितले की शेवटी दोनच माणसे उरली होती. ती खडकावर चढून कितीतरी वेळ दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे पाहत बसत, आणि मग एकमेकांजवळ बसून रडत. (ज्यांना आपण पूर्वी एस्किमो म्हणत असू, ते स्वतःला इन्युइट म्हणवतात.)

आता हर्नकडे वळू. जन्म १७४५, लंडनचा. अकरा-बारा वर्षांचा असताना तो इंग्लंडच्या आरमारात दाखल झाला आणि १७६६ मध्ये कंपनीच्या नोकरीत आला. चर्चिल नदीच्या मुखाशी कंपनीने दगडी किल्ला बांधला होता, त्याचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स फोर्ट. तिथला प्रमुख मोझेस नॉर्टन. याच्याकडे मॅटोनाबी आणि आणखी एक देने पुढारी उत्तरेकडच्या प्रदेशाचा नकाशा आणि तांब्याचे तुकडे घेऊन आले होते. गंमत पाहा, 'शोध' लागायच्या आधीच नकाशा तयार होता! नॉर्टनने ठरवले की आपला एक माणूस पाठवून त्या नदीचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, तांब्याची खाण पाहावी आणि जलवाटेचा काय तो निकाल लावावा. निवड झाली चोवीस वर्षांच्या हर्नची.

पहिली मोहीम ६ नोव्हेंबर १७६९ ला निघाली. वाटाड्याला जायची इच्छाच नव्हती. थोड्याच दिवसांत तो आणि त्याची माणसे सामान उचलून निघून गेली आणि जाताना हसत गेली, असे हर्नने लिहिले आहे. ११ डिसेंबरला स्वारी परत किल्ल्यात.

दुसरी मोहीम २३ फेब्रुवारी १७७० ला निघाली, आणि ती आठ-नऊ महिने चालली. वाटाड्या दुसरा, पण तोही सामान्यच. शिकार मिळाली तर पोट फुटेस्तोवर खायचे आणि नाही मिळाली तर उपास. एकदा आठवडाभर रानबोरे, पाणी, जुन्या चामड्याचे तुकडे आणि भाजलेली हाडे यांवर त्यांनी दिवस काढले. ऑगस्टमध्ये अक्षांश मोजायचे क्वाड्रंट हे यंत्र उभे करून हर्न जेवायला बसला, वाऱ्याच्या झोताने ते पडले आणि फुटले. मोजायलाच काही उरले नाही म्हटल्यावर परत फिरणे आले. त्यात वाटेत भेटलेल्या लोकांनी त्याला लुटले. हिवाळा तोंडावर, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, बर्फावर चालायचे जाळीचे जोडे नाहीत. अशा अवस्थेत २० सप्टेंबरच्या सुमारास त्याला मॅटोनाबी भेटला.

मॅटोनाबीचा जन्म १७३७ च्या आसपासचा, त्या चर्चिलच्या वखारीतलाच. बाप देने, आई गुलाम म्हणून विकत घेतलेली. लहानपणी काही काळ तो वखारीच्या आश्रयाला होता, त्यामुळे क्री भाषा उत्तम येत असे आणि थोडेफार इंग्रजीही समजे. उंची सहा फुटांच्या आसपास. पुढे तो देने लोकांचा मोठा पुढारी झाला, त्याच्या शब्दावर माणसांचे तांडेच्या तांडे वखारीला कातडी घेऊन येत. त्याने हर्नची अवस्था पाहिली, त्याच्यासाठी ऑटरच्या कातड्याचा उबदार पोशाख करवून घेतला, आणि मग बसून त्याला त्याच्या अपयशाचे कारण समजावून सांगितले.

हर्नने ते कारण जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. त्याचा मथितार्थ असा, की तुमच्याबरोबर बायका नव्हत्या म्हणून तुम्ही फसलात. पुरुषांच्याच पाठीवर ओझे असेल तर ते शिकार कशी करणार? आणि शिकार मिळाली तरी ती वाहून कोण आणणार? बायका ओझी वाहतात, घसरगाड्या ओढतात, तंबू ठोकतात, कातडी कमावतात, कपडे आणि जोडे शिवतात, आणि त्यांना सांभाळायला खर्च काहीच नाही, कारण स्वयंपाक करताना बोटे चाटूनसुद्धा त्यांचे भागते!

शेवटचे वाक्य वाचून राग येतो, आणि तो यावाच. पण त्याआधीची वाक्ये नीट वाचली की या प्रदेशातल्या प्रवासाचे सगळे गणित त्यात आहे. तिथे थंडीत अंगभर कपडे करायचे तर एका माणसाला आठ-दहा कॅरिबूंची कातडी लागत. कॅरिबू म्हणजे रेनडिअरसारखे तिकडचे हरीण. ती हरणे मारायची ठराविक ऋतूत, कातडी कमवायची, शिवायची. हे जमले नाही तर माणूस गोठून मरणार. म्हणजे बाईच्या हातातल्या सुईदोऱ्यावर मोहीम चालायची. दुसऱ्या मोहिमेच्या वेळी बायका नेऊ नका हे फर्मान वखारीत बसलेल्या प्रमुखाने काढले होते.

२५ नोव्हेंबर १७७० ला हर्न किल्ल्यावर पोचला आणि ७ डिसेंबरला, म्हणजे बारा दिवसांत, तिसऱ्यांदा निघाला. यावेळी मोहीम मॅटोनाबीची होती. त्याच्या सहा-सात बायका, मुले, इतर कुटुंबे, असा सगळा संसारच चालू लागला. इंग्रज एकटा हर्न. मॅटोनाबीने थेट उत्तरेची वाट धरली नाही. तो आधी पश्चिमेला गेला, जिथे झाडी आहे, सरपण आहे आणि हिवाळ्यात कॅरिबू येतात तिथे. वसंतात एका तळ्याकाठी थांबून त्यांनी तंबूंच्या काठ्या आणि होड्यांसाठी बर्च झाडाची साल गोळा केली, कारण पुढे उघड्या माळावर लाकूड मिळणार नव्हते. मग उत्तरेला वळले. हरणे जशी सरकतात तशी माणसे सरकली. वाकडी वाट, पण तीच पोचवणारी.

म्हणून काही तो सुखाचा प्रवास नव्हता. त्या वर्षीचा नाताळ त्यांनी उपाशीपोटी काढला. तंबाखू आणि बर्फाचे पाणी, बस्स. वाटेत एक बाई बावन्न तास कळा देऊन बाळंत झाली, आणि मूल जन्मले की लगेच तळ हलला. तान्हे पाठीशी बांधून ती इतरांबरोबर चालू लागली. तिला सवलत एवढीच मिळाली, की त्या दिवसापुरती तिची घसरगाडी दुसऱ्या कुणीतरी ओढली. हर्नने हे लिहिले नसते तर आपल्याला कळलेही नसते. 'शोध लावला' या वाक्यात ही बाई कुठे बसवायची?

आता या गोष्टीतला काळाकुट्ट भाग येतो. ताम्रनदीच्या मुखाकडे इन्युइट राहत. देने आणि इन्युइट यांचे जुने वैर. वाटेत अनेक देने पुरुष या तांड्याला येऊन मिळाले ते नदी पाहायला नव्हे, इन्युइटांवर हल्ला करायला. बेत कळल्यावर हर्नने विरोध केला, तेव्हा त्याला भित्रा ठरवण्यात आले. ज्यांच्या आधारावर आपला जीव आहे त्यांच्यापुढे मग तो गप्प बसला. बायका-मुलांना मागे एका ठिकाणी ठेवून पुरुष पुढे गेले. जुलैच्या मध्यावर ते नदीवर पोचले.

१७ जुलै १७७१, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराचा प्रसंग. त्या दिवसांत तिथे अंधार असा पडतच नाही. नदीच्या एका धबधब्यापाशी इन्युइटांचे काही तंबू होते आणि आत माणसे झोपलेली होती. हल्लेखोर तुटून पडले. वीसहून अधिक पुरुष, बायका, मुले मारली गेली. हर्न थोड्या अंतरावर उभा होता. अठराएक वर्षांची एक मुलगी भाल्याचा घाव लागून त्याच्या पायाशी पडली आणि तिने त्याच्या पायांना मिठी मारली. त्याने तिच्या प्राणांची भीक मागितली. मारणारे हसले आणि म्हणाले, तुला काय एस्किमो बायको हवी आहे? तेव्हा त्याने एवढेच मागितले की निदान तिला लवकर तरी सोडवा. या प्रसंगाची आठवण आपल्याला कधीही डोळे न पाणावता येत नाही, असे त्याने म्हटले आहे. त्या धबधब्याला त्याने नाव दिले ब्लडी फॉल्स, रक्ताचा धबधबा.

इथे इतिहासाच्या अभ्यासकांनी एक शंका घेतली आहे, तीही सांगायला हवी. हर्नचे पुस्तक छापले गेले १७९५ मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी, आणि तेही त्याच्या मृत्यूनंतर. त्या काळच्या इंग्रज वाचकाला अशी करुण-भयानक वर्णने आवडत. त्यामुळे मूळ टिपणांवर नंतर हात फिरला असावा, त्या मुलीचे वर्णन वाढवलेले असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. शंका योग्य आहे. पण हत्याकांड झालेच नाही असे मात्र म्हणता येत नाही. पन्नास वर्षांनी, १८२१ मध्ये, जॉन फ्रँकलिन त्याच जागी पोचला तेव्हा त्याच्या लोकांना तिथे घावांच्या खुणा असलेल्या मानवी कवट्या आणि विखुरलेली हाडे दिसली.

त्यानंतर हर्न मुखापर्यंत गेला आणि त्याने समुद्र पाहिला. बर्फाने भरलेला, थोड्या कडेला तेवढे पाणी मोकळे. नदी उथळ आणि धबधब्यांनी भरलेली, जहाज सोडा, होडीही नीट जायची नाही. त्याने कंपनीच्या नावाने खांब उभा केला. सोबत जुनाट क्वाड्रंट होते. त्याने मुखाचा अक्षांश दिला ७१ अंश ५४ मिनिटे. खरा आहे ६७ अंश ५० मिनिटांच्या जवळपास. म्हणजे नदी त्याने नकाशावर साडेचारशे किलोमीटर वर ढकलली! मग ते तांब्याच्या खाणीकडे वळले. जवळजवळ चार तास सगळ्यांनी शोधले. सांगण्यासारखा एकच तुकडा मिळाला, वजन चार पौंडांहून थोडे जास्त.

दोन अपयशी मोहिमा, दीड वर्षाची पायपीट आणि वीसहून अधिक निरपराधांचे प्राण यांच्या बदल्यात दोन किलो तांबे.

तरीही एक मोठे ज्ञान त्यातून मिळाले. चर्चिलपासून उत्तर समुद्रापर्यंत हर्न चालत गेला आणि मध्ये कुठेही खारे पाणी ओलांडावे लागले नाही. म्हणजे हडसन उपसागरातून पश्चिमेला जाणारी जलवाट या भागात नाहीच, हे सिद्ध झाले. 'नाही' हे उत्तरही उत्तरच असते.

परतीचा प्रवास आणखी वाईट होता. बायका-मुले वाट पाहत होती म्हणून मॅटोनाबीने वेग वाढवला. हर्नच्या पायांची नखे गळून पडली आणि पावलागणिक बर्फावर-दगडांवर रक्त उमटू लागले. १७७२ च्या सुरुवातीला त्यांनी ग्रेट स्लेव्ह लेक हे विशाल सरोवर गोठलेल्या अवस्थेत ओलांडले. ते पाहणाराही हर्न पहिलाच युरोपियन.

त्यानंतर लगेच, जानेवारीत, या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत अचंबित करणारा प्रसंग घडला. रानात त्यांना जाळीच्या जोड्याचा अनोळखी ठसा दिसला. माग काढत गेले तर एका लहानशा खोपटात एक तरुण बाई एकटी राहत होती. ती दुसऱ्या देने शाखेतली. १७७० च्या उन्हाळ्यात शत्रूंनी तिला पळवून नेले होते. पुढच्या वर्षी ती निसटली, पण घरची वाट इतकी नागमोडी होती की सापडेना. सात महिने तिने माणसाचे तोंड पाहिले नव्हते. सशांच्या पायांतल्या स्नायूंचे दोरे वळून त्यांचे फास लावून ती ससे पकडत होती, सशांच्याच कातड्यांचे कपडे तिने शिवले होते आणि दगडावर दगड आपटून विस्तव केला होता, तो एकदा पेटल्यावर विझू दिला नव्हता. हर्नला आश्चर्य याचे वाटले की नुसत्या गरजेपुरते शिवून ती थांबली नव्हती, कपड्यांवर नक्षीसुद्धा केली होती. तिची तब्येत उत्तम होती. रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली आहे. ही त्याहून सरस आणि खरी, पण तिचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. तांड्यातल्या पुरुषांनी मात्र तिला मिळवण्यासाठी त्याच संध्याकाळी कुस्त्या लावल्या.

३० जून १७७२ ला हर्न किल्ल्यावर पोचला. अठरा महिने आणि तेवीस दिवस झाले होते. पुढे त्याला बढती मिळत गेली आणि तो त्याच किल्ल्याचा प्रमुख झाला. मॅटोनाबीही मोठा व्यापारी पुढारी म्हणून दरवर्षी येत राहिला. हर्नने त्याच्या स्वभावाचे, खरेपणाचे मनापासून कौतुक केले आहे आणि त्याचा मत्सरी, क्रूर भागही लपवलेला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. १७८१-८२ मध्ये देवीची साथ आली. या लोकांच्या अंगात त्या रोगाला तोंड देण्याची ताकद नव्हती. देने लोकांपैकी दहातले नऊ गेले असावेत असा हर्नचा अंदाज होता. त्यातच ऑगस्ट १७८२ मध्ये ला पेरूज या फ्रेंच सेनानीने तीन जहाजे आणून किल्ल्याला वेढले. जवळजवळ चाळीस वर्षे बांधत असलेला तो दगडी किल्ला, पण आत माणसे चाळीसही नव्हती. हर्नने एकही गोळी न झाडता शरणागती पत्करली. फ्रेंचांनी किल्ला उद्ध्वस्त केला आणि इंग्रजांना कैदी करून नेले. ला पेरूजने हर्नचे हस्तलिखित वाचले आणि ते छापले पाहिजे असे बजावून परत केले, म्हणून आज आपल्याला ते वाचायला मिळते. शत्रू असावा तर असा.

पण मागे राहिलेल्यांचे काय? वखारीच्या बंदुका आणि दारूगोळा यांवर ज्यांची शिकार अवलंबून झाली होती, त्यांची वखारच त्या हिवाळ्यात नाहीशी झाली होती. हर्नची पत्नी मेरी, मोझेस नॉर्टनची मुलगी, किल्ल्याच्या आश्रयात वाढलेली, त्या हिवाळ्यात भुकेने मेली. आणि मॅटोनाबीने किल्ला पडल्याची बातमी ऐकून स्वतःला फास लावून घेतला. त्याच्या सहा बायका आणि चार मुले त्याच हिवाळ्यात उपासमारीने गेली. ज्यांनी हर्नला खाऊ-पिऊ घालून, कपडे शिवून समुद्रापर्यंत नेले आणि आणले, त्यांच्यातल्याच काही या असणार. दुसऱ्या वर्षी हर्न परत आला तेव्हा त्याला हे समजले.

मॅटोनाबीबरोबर फिरलेला एक तरुण मात्र पुढे इतिहासात दिसतो. त्याचे नाव अवगीना, गोरे त्याला 'इंग्लिश चीफ' म्हणत. १७८९ मध्ये अलेक्झांडर मॅकेन्झी जेव्हा सतराशे किलोमीटरांहून लांब अशा त्या महानदीवरून उत्तर समुद्रापर्यंत गेला, तेव्हा त्याचा दुभाषी आणि वाटाड्या हाच होता. त्याच्या बायकाही होडीत होत्या, आणि रोज झिजणारे जोडे रोज शिवत होत्या. मॅटोनाबीची शिकवण अशी पुढे चालली. ती नदी आज मॅकेन्झीच्या नावाने ओळखली जाते. देने लोकांच्या भाषेत तिचे नाव डेह चो, मोठी नदी.

आणि ज्याने ही शिकवण मानली नाही त्याचे काय झाले, तेही ताम्रनदीवरच दिसले. १८२० मध्ये अकायचो या देने पुढाऱ्याने फ्रँकलिनला बजावले होते की ऋतू उलटला आहे, आता नदीने खाली जाणे म्हणजे मरण. त्या वर्षी तो कसाबसा थांबला. १८२१ मध्ये समुद्रकिनाऱ्याचे नकाशे काढत तो पुढे पुढे गेला आणि परतायला उशीर केला. वीस जणांपैकी अकरा जण मेले, बहुतेक ओझी वाहणारे हमाल. उरलेल्यांनी दगडावरचे शेवाळ आणि बुटांचे चामडे खाल्ले. नोव्हेंबरमध्ये अकायचोची माणसे मांस घेऊन आली म्हणून ते वाचले. अकायचोला कबूल केलेला माल द्यायला तेव्हा वखारीत मालच नव्हता. तो रागावला नाही, गोऱ्यांकडून आमचे येणे राहिले असे पहिल्यांदाच घडतेय, अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्याने वेळ निभावली. फ्रँकलिन इंग्लंडात 'बूट खाणारा माणूस' म्हणून प्रसिद्ध झाला, आणि १८४५ मध्ये दोन जहाजे व १२८ माणसे घेऊन पुन्हा निघाला. त्यातले कुणीच परतले नाही. ती जहाजे सापडली २०१४ आणि २०१६ साली, आणि तीही इन्युइट लोक पिढ्यानपिढ्या जे सांगत आले होते ते कानावर घेतल्यावर.

हे सगळे वाचून हर्न लहान होतो असे मला वाटत नाही. उलट आपण कुणाच्या आधाराने गेलो हे त्याने लिहून ठेवले, हाच त्याचा मोठेपणा. तो पाहुणा म्हणून गेला म्हणून पोचला. पाहुणा असल्यामुळेच तो धबधब्यापाशी हतबल उभा राहिला. एकाच गोष्टीच्या या दोन बाजू आहेत, एक घेऊन दुसरी टाकता येत नाही. मॅटोनाबीही देवमाणूस नव्हता. त्याने एका परक्याचा जीव वाचवला आणि झोपलेल्या परक्यांचे जीव घेतले. आपल्याला एकतर पूजेला बसवायला माणसे लागतात, नाहीतर पायदळी तुडवायला. इतिहासात ती तशी मिळत नाहीत.

ताम्रनदीच्या मुखाशी आज एक छोटे गाव आहे. त्याचेही नाव कॉपरमाइन होते. १९९६ पासून ते कुगलुकटुक झाले, इन्युइट भाषेतला अर्थ वाहत्या पाण्याची जागा. त्याच वर्षी देने आणि इन्युइट यांच्या प्रतिनिधींनी जुने वैर मिटवण्यासाठी एकत्र येऊन एक विधी केला, असे वाचले. सव्वादोनशे वर्षे उलटल्यावर का होईना, ज्यांचे भांडण होते त्यांनीच ते मिटवले, हे बरे झाले.

चर्चिलजवळ एका खडकावर हर्नने स्वतःच्या हाताने कोरलेले नाव आणि तारीख अजून स्पष्ट दिसते, १ जुलै १७६७. मॅटोनाबीचे नाव असे कुठल्या खडकावर नाही. आपल्यापैकी कुणाची मुले-नातवंडे कॅनडात असतील आणि कधी ध्रुवीय अस्वले पाहायला चर्चिलला जातील, तर त्यांना तो खडक जरूर पाहायला सांगा. आणि त्याच्यासमोर उभे राहून हे दुसरे नावही एकदा घ्यायला सांगा.